सीझनचा शेवटचा पाहुणा

मे महिन्यात आमच्या खळ्यात आंब्याची साटं वाळत असतात. परातींच्या मधून वाट काढत चालावं लागतं, कावळ्यांवर लक्ष ठेवावं लागतं, आणि त्या वर्षी नवऱ्यावरही ठेवावं लागत होतं. कावळा निदान हाकलला की उडून जातो. आमचे हे खळ्याच्या मधोमध उभे राहून हातातल्या लांब काठीची पिवळी दोरी डोक्यावरून मागेपुढे झुलवत राहायचे. दोरीच्या टोकाला पिसांचा गळ. तो कधी साटात रुतायचा, कधी वाळत घातलेल्या माझ्या साडीत, आणि एकदा तर शेजारणीच्या कोंबडीत. ती सोडवताना शेजारीण जे बोलली ते मी शाळेत मास्तरीण असल्यामुळे इथे लिहीत नाही.

"वारा फिरला," हे म्हणायचे. दर वेळी वाराच फिरलेला असायचा.

ह्या माणसाने अख्खी नोकरी मुंबईत एका गोडाऊनमध्ये काढली. स्टोअरकीपर होते. माल डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही करायची नाही, हा त्यांचा बाणा. आमचं लग्न झालं तेव्हाही ते मुंबईत होते, मुलगी झाली तेव्हाही, तिचं लग्न ठरलं तेव्हाही. मी गावातच शाळेवर, सासूबाईंबरोबर. हे चौदा एप्रिलच्या जयंतीला यायचे, मे महिन्यात यायचे, कधी भातलावणीला दोन दिवस यायचे आणि पिशवी भरून परत जायचे. आमच्या वाडीत बहुतेक घरांत असंच होतं, त्यामुळे त्यात रडण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नसे. मलाही वाटत नाही असं मी धरून चालले होते.

मग गोडाऊन भिवंडीच्या पुढे कुठेतरी हललं आणि ह्यांना मोकळं केलं. हे घरी आले. पहिले काही महिने नुसते बसून होते, घरातल्या बरण्या उंचीप्रमाणे लावत. आणि मग मोबाईलवर कुठल्यातरी थंड देशातला व्हिडिओ बघितला.

त्या व्हिडिओत एक गोरा माणूस नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून पाहुण्याला मासा पकडायला शिकवत होता. पाहुणा त्याचे पैसे देत होता. बस, एवढंच. हे म्हणाले, "आपल्या खाडीत तांबोशी आहे, चोणा आहे. लोक परदेशात जातात ह्याच्यासाठी."

एरवी आमच्याकडे गळाला कोळंबी लावतात, पाण्यात सोडतात आणि बसून राहतात. ह्यांच्या प्रकारात आमिष नाही. कोंबड्याच्या मानेची पिसं आणि चमकी हुकाला बांधून खोटी कोळंबी करायची. ती चमकी म्हणजे माझ्या लग्नातल्या साडीची जर, हे मला नंतर कळलं. ती खोटी कोळंबी दोरीच्या झोक्यावर लांब फेकायची, मासा फसला की जवळ आणायचा, जाळीत घ्यायचा, फोटो काढायचा, आणि परत पाण्यात सोडून द्यायचा.

सासूबाईंना हे शेवटचं पटेना. त्या ह्यांना अजून बाबूच म्हणतात.

"सोडायचाच हाय तर धरतोस कशाला रे, बाबू?"

"खेळ असतो तो, आये."

"तुजा खेळ. माशाचा काय?"

हे हुकाला पिसं गुंडाळायला लागले. तांबोशीसारखा मासा धरून परत खाडीत टाकतो असा माणूस सबंध वाडीने कधी बघितला नव्हता, आणि तो आमच्या घरात निघाला. मी बाजारात गेले की मासेवाली मला विचारायची, "बाई, आज सोडलेला देऊ का धरलेला?"

तरी हे हटले नाहीत. खाडीपलीकडच्या एका खारव्याकडून फायबरची जुनी लहान होडी घेतली. एका फळीवर इंच रंगवून घेतले, मासा मोजायला. मोबाईलवर जाहिरात टाकली. पाऊस संपून खाडी निवळली तसा ह्यांचा सीझन सुरू झाला, आणि पाहुणे आलेही, ह्याचंच मला नवल वाटलं. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजची पोरं आली. त्यांच्या गळाला कांदळाच्या फांद्या लागल्या. मग मुंबईचं एक जोडपं आलं. त्यातला नवरा दोरी झुलवत राहिला आणि बायको उन्हात बसून ह्यांच्याकडे अशा नजरेने बघत राहिली की मला तिला घरी बोलावून मैत्रीण करून घ्यावंसं वाटलं. एका निवृत्त साहेबांच्या दोरीला बोय लागला, चांगला हातभर. पण हुक त्याच्या शेपटीत. साहेब खूश होते. हे म्हणाले, "तोंडात लागला नाही. धरता येणार नाही." म्हणजे हिशेबात धरता येणार नाही. साहेबांचा चेहरा एवढासा झाला आणि ते परत आले नाहीत.

मी कपाळाला हात लावला. "अहो, तो म्हणतोय ना मासा मिळाला. तुमचं काय जातंय?"

"खोटी एंट्री करायची का मी?" हे म्हणाले. गोडाऊन सुटलं होतं पण ह्यांच्यातला स्टोअरकीपर सुटला नव्हता.

असा सीझन गेला. होळी गेली, जयंती झाली, आंबे उतरले, आणि एकाही पाहुण्याच्या हाताला ह्यांच्या हिशेबात बसेल असा मासा लागला नाही. त्यातच गोडाऊनच्या जुन्या साहेबांचा फोन आला. नव्या जागी सुपरवायझर हवा होता, राहायची सोय होती. पाऊस लागायच्या आत सांग, म्हणाले.

दोन दिवसांनी जेवताना हे म्हणाले, "शेवटचे एक पाहुणे यायचेत. पुण्याचे डॉक्टर. त्यांना मासा मिळाला तर हा धंदा आहे असं समजायचं. नाही मिळाला तर मी भिवंडीला जातो. होडी तो खारवी परत घेऊन जाईल, बोलून ठेवलंय."

सासूबाईंनी घास हातात तसाच धरला. माझ्याकडे बघितलं. मी आमटी वाढली.

मला काय वाटलं ते सांगते. मला राग आला. इतकी वर्षं ह्यांचं येणं-जाणं रजेवर आणि एसटीच्या रिझर्व्हेशनवर ठरत होतं, आता एका माशाच्या मर्जीवर ठरणार होतं. माझं मत कुठे होतं? कुणी विचारलंच नाही. आणि मी सांगितलंही नाही, कारण जो माणूस विचारत नाही त्याला मी आपण होऊन का सांगू?

मेअखेरीला खाडीवरच्या होड्या वर ओढतात आणि झाप घालून शाकारतात, म्हणजे पावसात त्यांचं काही बिघडत नाही. झाप म्हणजे नारळाच्या झावळ्या विणून केलेले पट्टे. आगोटीची सगळी तयारी माझ्याच अंगावर असते, लाकडं, सुकी मासळी, पापड, छपराच्या फटी. झावळ्या भिजवून झाप विणायला बसले तेव्हा हे म्हणाले, "होडीसाठी नको विणू हां. ती राहिली तर बघू." मी म्हटलं, "न्हाणीघरावर लागतात." न्हाणीघर एवढंसं आहे. मी विणत राहिले.

पुण्याचे डॉक्टर आले ते वैशाखी पौर्णिमेच्या तीन दिवस आधी. डोळ्यांचे डॉक्टर, साठीचे, बोलायला गोड, मांडवीला हॉटेलात उतरलेले. दरवर्षी हिमाचलात ट्राऊट पकडायला जायचे. तिथला सीझन संपला की परतताना त्यांना रडू यायचं, असं त्यांनी पहिल्याच चहाला सांगितलं. त्यांचं प्रत्येक वाक्य ट्राऊटपाशी सुरू व्हायचं. ट्राऊटला पाणी कसं लागतं, ट्राऊट किती चाणाक्ष, ट्राऊटचे गाईड किती शांत. मी पोह्यांची बशी पुढे केली तर म्हणाले, "वहिनी, ट्राऊटला असं लिंबू पिळून..." आणि मग त्यांना आठवलं की ते ट्राऊट सोडून देतात.

पहिल्या दिवशी वारा एवढा की दोरी ह्यांच्याच गळ्याभोवती आली. दुसऱ्या दिवशी दुपारी वळवाची सर आली आणि वरच्या नद्यांचं तांबडं पाणी खाडीत उतरलं. तिसऱ्या दिवशी पाणी निवळलं, पण मासा काही हलला नाही. आता डॉक्टरांचा एकच दिवस उरला. त्या दिवशी उधाणाची भरती होती आणि दुपारी लांबलचक ओहोटी. खाडीकाठच्या खाजणजमिनीवर चढलेलं पाणी एका अरुंद पऱ्यातून खाडीत उतरतं, त्याच्याबरोबर बारीक मासे येतात आणि पऱ्याच्या तोंडाशी तांबोशी दबा धरून असते. सबंध महिन्यात याहून चांगली ओहोटी नव्हती.

फक्त तो दिवस पौर्णिमेचा होता. आमची सगळ्यात मोठी पौर्णिमा.

त्या दिवशी आमच्या वाडीत कुणाच्या घरी मासळी शिजत नाही. सकाळी विहारात वंदना, संध्याकाळी पुन्हा वंदना आणि खीर. सासूबाई पांढरं लुगडं नेसून आठ शीलं घेतात, दुपारनंतर अन्नाला हात लावत नाहीत. आणि पहिलंच शील प्राण्याचा जीव न घेण्याचं. मी अगोदरच्या संध्याकाळी ह्यांना म्हटलं, "उद्या जमणार नाही हे डॉक्टरांना कळवलंत ना?"

हे खांबाला टेकून गळ बांधत होते. "मारायचा कुठाय? सोडायचाच आहे."

"अहो, पुनवेला गळ टाकणार तुम्ही? वाडीतले काय म्हणतील?"

"शील मारण्याचं आहे. धरण्याचं नाही."

वर्षभर आईने विचारलेल्या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नव्हतं, तो माणूस आता शीलात पळवाट काढत होता. मी आवाज चढवला. ह्यांनीही चढवला. सासूबाई ओटीवर बसल्या होत्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सोडशील?" त्यांनी विचारलं.

"सोडीन, आये."

"जित्ता?"

"जित्ता."

"मंग मी येतंय होडीत," त्या म्हणाल्या. "बगायला नको? तू सोडतंस म्हणतंस, कुनी बगितलंय?"

मला वाटलं थट्टा करतायत. पण पौर्णिमेच्या दिवशी विहारातून आल्यावर, बाराच्या आत जेवून, पांढऱ्या लुगड्यात आणि चष्मा पुसून त्या दारात उभ्या राहिल्या. बघितल्याशिवाय सही न करण्याची खोड ह्यांनी कुठून उचलली ते मला त्या दिवशी कळलं. वय झालेल्या बाईला होडीत एकटीला कसं बसवणार? म्हणून मीही निघाले. वाटेत विहाराच्या ओट्यावर बायका बसल्याच होत्या. त्यांच्यासमोरून आमची वरात गेली. पुढे डॉक्टर, डोक्यावर टोपी, अंगावर अठरा खिशांचं जाकीट. त्यांच्यामागे मोजायची फळी घेतलेले हे, मग सासूबाई, आणि शेवटी एका हातात प्लॅस्टिकचं स्टूल आणि दुसऱ्या हातात छत्री घेऊन मी. बायकांनी पाय आखडून आम्हाला वाट दिली. ते जास्त लागलं.

डॉक्टरांना आमचं येणं पसंत नव्हतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "ट्राऊटला अजिबात आवाज चालत नाही," ते हळूच म्हणाले.

"ह्या तांबोश्या हायत," सासूबाई म्हणाल्या.

हे मागे बांबू घेऊन, डॉक्टर पुढच्या टोकाला उभे, मधे स्टुलावर सासूबाई, आणि त्यांना धरून फळीवर मी. ऊन मी म्हणत होतं. छत्री उघडली तर डॉक्टर म्हणाले दोरी अडकेल. मिटली. सासूबाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला. हे होडी पऱ्याच्या तोंडापासून थोडी लांब, कांदळाच्या सावलीच्या कडेला आणून धरत होते, आणि ओहोटी ती सारखी ओढत होती. डॉक्टर दोरी झुलवायचे, ती समोर जायची, खोटी कोळंबी पाण्यावर टपकन पडायची, ते हळूहळू ओढून घ्यायचे. काही नाही. पुन्हा. काही नाही.

मग एकदा दोरी मागे गेली ती पुढे आलीच नाही. सासूबाईंच्या पदराला गळ लागला होता. पांढऱ्या लुगड्यावर पिसांचा लालभडक गुच्छ, वर माझ्या लग्नातली जर.

डॉक्टर पांढरेफटक पडले. हे बांबू टाकून धावले, होडी डुगडुगली, मी ओरडले. एकट्या सासूबाई जागच्या हलल्या नाहीत.

"आज पहिली मीच लागलंय," त्या म्हणाल्या. "आता मला बी सोड."

डॉक्टरांना हसू आवरेना. ह्यांनाही. मला मात्र हसू आलं नाही. लुगडं फाटलं होतं, ते मीच शिवणार होते, आणि ओहोटी अर्धी होऊन गेली होती. मी पाण्याकडे बघत होते. सांगायला लाज वाटते, पण मी त्या माशाला मनातल्या मनात शिव्या देत होते. पुनवेच्या दिवशी, शीलं घेतलेल्या बाईला धरून बसलेली मी, लाग रे मेल्या, लाग, असं म्हणत होते.

ह्यांनी पदरातला गळ सोडवला, डॉक्टरांनी परत दोरी टाकली, आणि मासा लागला तेव्हा त्या दोघांचंही लक्ष नव्हतं. डॉक्टर ह्यांना ट्राऊटबद्दलच काहीतरी सांगत होते आणि काठी एकदम वाकली. दोरी करकरत कांदळाच्या मुळांकडे निघाली.

"दोरी देऊ नका," हे म्हणाले. "मुळात शिरला तर गेला."

"ट्राऊटला सोडावी लागते."

"देऊ नका, डॉक्टर."

एवढ्या वर्षांत मी ह्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. गोडाऊनमध्ये तो कधीतरी निघत असेल, घरी कधी आला नव्हता. डॉक्टरांनी ऐकलं. काठी पोटाशी धरून ते मागे झुकले, मी त्यांचं जाकीट धरलं, हे बांबूने होडी मुळांपासून लोटत होते. बराच वेळ काहीच पुढे-मागे होईना. मग मासा वळला. आणि होडीच्या कडेला पाण्यात तो दिसला, तांबूस, रुंद, आमच्या घरात कधी आला नाही एवढा मोठा.

"वहिनी, फोटो," डॉक्टर धापा टाकत म्हणाले. त्यांनी आपला मोबाईल आधीच माझ्याकडे देऊन ठेवला होता. ह्यांनी जाळी उचलली. फळी माझ्या पायाशी होती, इंच वर करून. लागला, मी म्हणत होते. आता जाळीत घ्या, फळीवर ठेवा, करा तुमची एंट्री.

तेवढ्यात पाण्यात लाल धार दिसली. गळ ओठाला नव्हता, पार आत कल्ल्यापाशी गेला होता. मासा कुशीवर झाला.

सासूबाई पुढे वाकल्या. मोठ्याने बोलल्या नाहीत.

"बाबू, त्याला वर नको काढू."

ह्यांचा हात जाळीवर होता. मी तो हात बघत होते. जाळी पाण्यात अर्धी गेलेली. नुसतं उचलायचं होतं. क्षणभर डॉक्टरांचा चेहरा, क्षणभर आईचा. मग ह्यांनी जाळी होडीत टाकली, पक्कड तोंडात धरली आणि कपड्यांनिशी खाडीत उतरले.

कमरेएवढं पाणी, खाली चिखल. मासा पाण्यातच धरून ह्यांनी पक्कड आत घातली, हुक तोडला, दोरी सुटली. डॉक्टर "अहो, एक मिनिट, एक फोटो तरी" म्हणत होते. हे त्यांच्याकडे बघत नव्हते. दोन्ही हातांनी मासा पोटाखालून धरून, त्याचं तोंड वाहत्या पाण्याकडे करून उभे राहिले. त्या थंड देशातल्या व्हिडिओतल्या माणसासारखेच, फक्त चिखलात. मासा काही हलेना. सासूबाईंचे ओठ हलत होते. त्यांनी माझा हात एवढा घट्ट धरला होता की बांगडी रुतली. हा मेला तर त्या घरी जाऊन काय करतील, विहारात परत कशा जातील, तेच माझ्या डोक्यात होतं. भिवंडी तेवढ्यापुरती डोक्यातून गेली होती.

मग शेपटी हलली. पुन्हा हलली. ह्यांनी हात उघडले आणि मासा खाली गेला.

"गेला," सासूबाई म्हणाल्या. "बगितलं मी."

परतीच्या वाटेवर डॉक्टर रागावलेले होते, आणि मला त्यांचा राग समजत होता. आयुष्यातली सगळ्यात मोठी तांबोशी आणि दाखवायला काही नाही. धक्क्यावर उतरताना ते म्हणाले, "आजी नसत्या तर फोटो मिळाला असता."

"फोटोच पायजे व्हता तर आधी सांगायचंस," सासूबाई म्हणाल्या. "माजा काढला असतास."

ते नमस्कार करून, जाकिटाचे सगळे खिसे चाचपून गाडीत बसले. पुन्हा येतो म्हणाले नाहीत. हे ओल्या कपड्यांनी धक्क्यावर उभे. सासूबाईंना माडाखाली स्टुलावर बसवलं आणि आम्ही दोघं होडी वर ओढायला लागलो. माडाचे ओंडके खाली घालून ओढावी लागते, आणि ह्यांचे चिखलाचे पाय सारखे घसरत होते. होडी माडांपर्यंत आली. हे कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"खारव्याला सांगतो उद्या घेऊन जायला," म्हणाले. "साहेबांनाही फोन करतो."

मला आधी कळलंच नाही. "का? मासा लागला की."

"लागला. वर नाही आला. जाळीत नाही, फळीवर नाही. धरता येणार नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आजवर शाळेत मी मुलांवर ओरडलेय, इन्स्पेक्टरवर एकदा ओरडलेय, पण तशी मी कधी ओरडले नव्हते.

"कुणी सांगितलंय धरायला? मी सांगितलंय? ह्या आयेने सांगितलंय? त्या मेल्या माशाने सांगितलंय तुम्हाला भिवंडीला जा म्हणून? वर्षभर माझ्या साटांत हुक टाकलेत, माझ्या लग्नाची जर कापलीत, बाजारात मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत. एवढं सगळं करून आता म्हणता जातो? मला मासा नको होता. मला तुम्ही घरात हवे आहात. उचापती करा, कोंबड्या धरा, पण घरात राहा. आयुष्यभर मी पिशवी भरून दिली. आता नाही भरणार."

माडाखाली सासूबाई पदराच्या फाटक्या टोकाकडे बघत बसल्या होत्या, जसं काही त्यांना ऐकूच येत नव्हतं.

ह्यांनी हातावरचा चिखल लुंगीला पुसला. लुंगीही चिखलाचीच होती. माझ्याकडे असे बघत होते की मला वाटलं आता काहीतरी चांगलं बोलतील.

"मग हे आधी सांगायचं ना," म्हणाले. "मी अख्खा सीझन त्या माशाच्या भरवशावर बसलो."

खरंच, ह्या माणसापुढे मी हात टेकले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते पदराने पुसलं आणि स्टूल घ्यायला वळले. आधी सासूबाईंना घरी पोचवायचं होतं, संध्याकाळची वंदना होती, खीर वाटायची होती.

मागून ह्यांनी हाक मारली. होडीभोवती फिरून, टोकापासून टोकापर्यंत हात लावत लावत ते लांबी बघत होते.

"अगो, न्हाणीघरासाठी विणलेले झाप किती आहेत?"

"मोजा जाऊन," मी म्हटलं. "स्टोअरकीपर कोण आहे घरात?"